सदतीसच्या पुढचा आकडा

काविळीच्या रुग्णाचं रक्त लॅबमध्ये येतं तेव्हा इतर कुणाच्याही रक्तासारखं लालच असतं. सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरलं की पेशी तळाशी बसतात आणि वर सीरम उरतं. निरोगी माणसाचं सीरम फिकट असतं, गव्हाच्या काडासारखं. पित्ताची नळी खड्यानं अडली असेल तर तेच सीरम गर्द पिवळं, कधी हिरवट झाक मारणारं दिसतं. मशीनला काही विचारायच्या आधीच डोळ्यांना कळतं की पित्त जिकडून वाहायला हवं तिकडून वाहत नाहीये. मग सीरमची नळी मशीनमध्ये जाते आणि थोड्या वेळानं आकडा येतो: सीए १९-९, २,८४०. शेजारी संदर्भमर्यादा, ३७ पर्यंत. आकडा रिपोर्टवर ठळक अक्षरांत छापला जातो. रंग छापला जात नाही.

पित्ताशयातल्या साध्या खड्यांच्या आजारात 'कॅन्सरचे' म्हणून ओळखले जाणारे रक्तातले आकडे का वाढतात, किती वाढतात आणि वाढले तर घरच्यांनी आणि डॉक्टरांनी काय करायचं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. विषय लहान आहे, पण त्याच्यापायी झालेले हाल मी पाहिले आहेत. नाशिकमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ मी पॅथॉलॉजीचं काम करते आहे. त्या रिपोर्टच्या खाली सही माझ्यासारख्याच कुणाची तरी असते.

काही वर्षांपूर्वी कळवण तालुक्यातल्या पन्नाशीच्या एका बाईंचा असाच नमुना माझ्याकडे आला. (ओळख पटू नये म्हणून गाव आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) पंधरा दिवस कावीळ होती. आधी गावात गळ्यात माळ घातली. मग एका जाणत्याकडे चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ 'उतरवून' घेतली; पाणी पिवळं झालं, बाई होत्या तशाच राहिल्या. अंगाला खाज, लघवी गडद, शौचाचा रंग मातकट. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, पित्तनलिका फुगलेली दिसली, पण नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमुळे झाकलं गेलं होतं. चिठ्ठीवर तपासण्यांची यादी होती, तिच्यात सीए १९-९ होती. आकडा आला. मशीनच्या मोजण्याच्या पलीकडे गेला म्हणून आम्ही नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावला, नियमाप्रमाणे खात्री केली, मी सही केली, आणि रात्री साडेदहाला रिपोर्ट मुलाच्या मोबाईलवर गेला.

डॉक्टर सकाळी भेटणार होते. मधली रात्र त्या घरानं एकट्यानं काढली. मुलानं मोबाईलवर शोधलं, त्याला 'स्वादुपिंडाचा कॅन्सर' हे शब्द सापडले. पहाटेपर्यंत दोन्ही भावांचं ठरलं होतं की आईला सांगायचं नाही. पण घरातली माणसं आपल्याशी एकाएकी हळू आवाजात बोलायला लागली की आईला कळतंच. तिसऱ्या दिवशी बाईंनी हातातल्या पाटल्या काढल्या आणि दोन्ही सुनांना एकेक दिली. जेवण तर त्याच्या आधीच सुटलं होतं.

पुढे दुर्बीण तोंडातून आतड्यापर्यंत घालून नलिकेतून हरभऱ्याएवढा खडा काढला. कावीळ उतरली. त्यानंतर पित्ताशय काढलं, ते तपासायला आमच्याकडेच आलं. जुनाट सूज, बाकी काही नाही.

माझा रिपोर्ट चुकलेला नव्हता. मला लागतं ते हेच. चुकला असता तर दुरुस्त करता आला असता. बरोबर आकडा, योग्य वेळी, योग्य पत्त्यावर पोचला आणि तरी त्यानं एका घरात सुतक आणलं, कारण त्याच्यासोबत जायला हवी ती एक ओळ गेली नाही. ती ओळ मी लिहायला हवी होती. निदान डॉक्टरांना फोन तरी करायला हवा होता.

सीए १९-९ हे नाव निघालं ते अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधून. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच लक्ष्याला नेमकं जाऊन चिकटणारे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची रीत शोधली होती. तिचा उपयोग करून हिलरी कोप्रॉव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींविरुद्ध बरेच प्रतिपिंड तयार केले आणि १९७९ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. १९-९ हा त्यांतल्या एका प्रतिपिंडाचा क्रमांक. म्हणजे ज्या आकड्यानं लोकांची झोप उडते, त्याच्या नावातले १९ आणि ९ हे प्रयोगशाळेतल्या पेशींच्या वाणाला चिकटवलेले नंबर आहेत, त्यांचा आजाराच्या टप्प्याशी किंवा गंभीरपणाशी काही संबंध नाही. एका बँक कर्मचाऱ्यानं मला विचारलं होतं, "मॅडम, एकोणीसपैकी नऊ म्हणजे निम्मा कॅन्सर का?" त्या प्रश्नात कुठेही वेडेपणा नव्हता. आम्ही कुणी कधी सांगितलेलंच नाही, तर माणूस अंदाजच बांधणार.

हा प्रतिपिंड ज्याला जाऊन चिकटतो ती साखरेच्या रेणूंची एक छोटी साखळी आहे. ती फक्त कॅन्सरच्या पेशी बनवतात असं नाही, आणि सगळा घोटाळा इथे सुरू होतो. पित्तनलिकांच्या आतलं अस्तर, स्वादुपिंडाच्या नळ्यांचं अस्तर, पित्ताशयाचं अस्तर, हे सगळे धडधाकट माणसातही हा पदार्थ थोडा थोडा बनवतात आणि पित्तात, पाचकरसात सोडतात. पित्तात तो रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतो. तो आतड्यात वाहून जातो, म्हणून रक्तात जेमतेम दिसतो.

आता नळी तुंबली असं धरा. यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. मुख्य पित्तनलिका जेमतेम सहा मिलिमीटर रुंद. तिच्या तोंडाशी खडा अडकला तरी यकृत थांबत नाही, मागे पित्त चढत जातं, नलिका फुगते, दाब वाढतो. त्यात जंतू शिरले तर अस्तर सुजतं, पेशी भराभर वाढतात आणि हा पदार्थ आणखी बनवतात. बाहेर जायची वाट बंद असल्यानं तो उलटा रक्तात झिरपतो. सीरम पिवळं करणारं बिलिरुबिन ज्या वाटेनं रक्तात येतं, त्याच वाटेनं हाही येतो. सीरमचा रंग आणि रिपोर्टचा आकडा ही एकाच तुंबलेल्या मोरीची दोन लक्षणं आहेत. अशा आजारात, कॅन्सरचा मागमूस नसताना, सीए १९-९ काही हजारांपर्यंत गेल्याचं कधी कधी दिसतं. दहा हजारांच्या पुढे गेलेले रुग्णही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. "शे-दोनशे असता तर समजलो असतो, पण इतका मोठा आकडा म्हणजे तेच" हा युक्तिवाद मी शिकल्यासवरल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकला आहे. अडथळा आणि जंतुसंसर्ग असताना तो टिकत नाही.

कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन, म्हणजे सगळे ज्याला सीईए म्हणतात, त्याचीही हीच गोष्ट आधी घडून गेली होती. कॅनडातल्या मॉन्ट्रियल इथे फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये ते शोधलं, तेव्हा मोठ्या आतड्याचा कॅन्सर रक्तावरून ओळखता येईल अशी मोठी आशा निर्माण झाली. मग ते बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत वाढलेलं सापडलं, यकृताच्या आजारात सापडलं, पित्त अडलेल्यांत सापडलं. असाच आणखी एक 'कॅन्सरचा' आकडा, सीए १२५, तर आपल्याकडे पोटातल्या क्षयातही वाढतो. शोध लागला तेव्हाची आशा नावाला चिकटून राहिली आणि नंतर कळलेलं शहाणपण पाठ्यपुस्तकांच्या तळटिपांत गेलं.

उलटी बाजूही आहे. काही माणसांचं शरीर हा पदार्थ बनवूच शकत नाही. ही साखरेची साखळी लुइस नावाच्या रक्तगटाशी जोडलेली आहे (रक्तगट म्हणजे ए, बी, ओ एवढंच नसतं), आणि लुइस गट मुळीच नसलेल्या माणसांत, शंभरातल्या पाच-दहा जणांत, प्रत्यक्ष कॅन्सर असला तरी सीए १९-९ शून्याच्या आसपास राहतं. म्हणजे वाढलेला आकडा कॅन्सर सिद्ध करत नाही आणि न वाढलेला आकडा सुटका करत नाही. असल्या तपासणीला एकटीनं बोलू देऊ नये.

आपली भाषाही इथे घोळ घालते. मराठीत पित्त हा शब्द किती कामं करतो पाहा. जेवणानंतर छातीत जळजळलं की पित्त, सकाळी तोंडाला आंबट पाणी आलं की पित्त, अंगावर गांध्या उठल्या की पित्त उठलं, राग आला की पित्त खवळलं. यातल्या कशाचाही यकृताखालच्या त्या तीस-चाळीस मिलिलिटरच्या पिशवीशी संबंध नसतो. त्यामुळे पित्ताशयाचं खरं दुखणं, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या मधोमध उठणारी, खांद्याकडे जाणारी, तासन्‌तास न हटणारी कळ, वर्षानुवर्षं 'पित्ताचा त्रास' म्हणून गोळ्यांवर काढली जाते. मुलगी सांगते, "आईला पित्त आहेच पहिल्यापासून." मग एक दिवस खडा पिशवीतून नळीत उतरतो आणि तोवरचं सगळं दुखणं एकदम काविळीच्या रूपानं समोर उभं राहतं. पुस्तकातलं पहिलं प्रकरण मी म्हणूनच शरीररचनेऐवजी या शब्दापासून सुरू केलं आहे.

आणखी एक शब्द नाशिककरांना फसवतो. पित्ताशयाच्या कॅन्सरबद्दल काहीही वाचायला घेतलं की 'गंगेच्या खोऱ्यात प्रमाण जास्त' हे वाक्य येतंच. आपण गोदावरीलाच गंगा म्हणतो. रामकुंडावर जाणारा माणूस गंगेवर जाऊन येतो. एका नातेवाइकानं मला काळजीच्या सुरात विचारलं होतं, "आपल्या गंगेच्या पाण्यात असं काय आहे?" तर ते खोरं आपलं नव्हे. उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि पुढे आसामपर्यंतचा तो पट्टा. जगात चिलीसारख्या थोड्याच देशांत या कॅन्सरचं प्रमाण तितकं आहे. महाराष्ट्रात ते बरंच कमी आहे. पण याचा अर्थ लावताना रुग्णाचा आजचा पत्ता पाहून भागत नाही. सातपूरला, अंबडला कारखान्यात काम करणारी कितीतरी कुटुंबं त्याच पट्ट्यातून आलेली आहेत. गोरखपूरहून आलेल्या साठीच्या बाईच्या पित्ताशयाची भिंत जाड दिसत असेल आणि आकडा वाढलेला असेल, तर तिथे मी धीर देण्याची घाई करणार नाही. मूळ गाव कुठलं, हा प्रश्न तपासणीच्या चिठ्ठीवर असायला हवा असं माझं फार दिवसांचं म्हणणं आहे.

कारण हे पुस्तक 'घाबरू नका' असं सांगण्यासाठी लिहिलेलं नाही. खडे आणि पित्ताशयाचा कॅन्सर यांचं नातं खरं आहे. हा कॅन्सर झालेल्या बहुतेकांच्या पित्ताशयात खडे सापडतात. खडे असलेल्या बहुतेकांना मात्र हा कॅन्सर कधीच होत नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी डोक्यात धरून ठेवणं अवघड असतं, पण धरावी लागतात. साध्या आजारांतले काही तर कॅन्सरचं हुबेहूब सोंग घेतात. पित्ताशयाच्या मानेत अडकलेला खडा बाहेरून शेजारच्या मुख्य नलिकेला दाबतो, कावीळ होते, स्कॅनमध्ये गाठीसारखं काही दिसतं, आकडा वाढतो. अर्जेंटिनाचे शल्यचिकित्सक पाब्लो मिरिझी यांनी १९४८ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला मिरिझी सिंड्रोम म्हणतात. दुसरा एक सुजेचा प्रकार आहे, झँथोग्रॅन्युलोमॅटस नावाचा: भिंत जाड होते, आतड्याला आणि यकृताला चिकटते, आणि ऑपरेशन टेबलावर उघडून पाहिलं तरी अनुभवी हातांना निश्चित सांगता येत नाही. तिथे शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा.

त्या सूक्ष्मदर्शकापर्यंत पित्ताशय पोचतं का, ही माझी सगळ्यांत मोठी तळमळ आहे. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी भारतातली दुर्बिणीनं पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. त्याआधी खड्यांचं ऑपरेशन म्हणजे बरगडीखाली वीतभर छेद आणि महिनाभर घरी. आज चार छोटी छिद्रं, एक-दोन रात्री, की माणूस घरी. या सोपेपणाचा आनंद आहेच. पण त्यात एक खोड शिरली. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांच्या हातात डबीत घालून खडे दिले जातात. हिरवे-काळे, एकमेकांवर घासून पैलू पडलेले. माणसं ते मोजतात, फोटो काढतात, पाहुण्यांना दाखवायला फडताळात ठेवतात. आणि ज्या पिशवीत ते होते ती पिशवी कुठे गेली, हे कुणी विचारत नाही.

मला पित्ताशय हवं असतं, खडे नकोत. फॉर्मेलिनच्या डब्यातून काढून ते लांबीत कापून उघडलं की आतलं अस्तर दिसतं, हिरवट, मखमलीसारखं, कधी त्यावर कोलेस्टेरॉलचे पिवळे ठिपके. बोट फिरवत जायचं. भिंत सगळीकडे सारखी मऊ लागली तर बरं. एखाद्या जागी बोटाला खरखर लागली, पुठ्ठ्यासारखा कडकपणा जाणवला, की तिथले तुकडे जास्त घ्यायचे. साध्या खड्यांसाठी म्हणून काढलेल्या पित्ताशयांत क्वचितच, पण कॅन्सर निघतो, आणि असा अवचित, लवकर सापडलेला कॅन्सर हाच बरा होण्याची सर्वाधिक शक्यता असलेला असतो. सीए १९-९ साठी हजार-बाराशे रुपये देणारं घर कित्येकदा पित्ताशयाच्या तपासणीचे पैसे वाचवतं, कारण "खडे तर निघाले ना". या दोन कागदांतला एकच निवडायचा झाला तर मी डोळे मिटून दुसरा निवडीन.

मग सीए १९-९ करायचीच नाही का? करायची, पण काही विचारायचं असेल तेव्हा. स्कॅनमध्ये गाठीचा संशय आहे, खड्याशिवाय नलिका फुगली आहे, वजन घटतं आहे, भूक गेली आहे, तर तो आकडा इतर पुराव्यांच्या शेजारी बसून मदत करतो. ज्ञात कॅन्सरच्या उपचारांचा मागोवा घ्यायला तर तो फार उपयोगी. कावीळ असताना केलाच, तर त्याला कच्चा आकडा समजायचं. आधी नळी मोकळी करायची, जंतुसंसर्ग आटोक्यात आणायचा, बिलिरुबिन उतरू द्यायचं, आणि मग काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. शक्य तर त्याच लॅबमध्ये, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मोरी मोकळी झाल्यावर आकडा घसरत ३७ च्या आत आला, तर तो तुंबल्याचाच होता. रंग उतरला आणि आकडा मात्र चढाच राहिला किंवा पुन्हा चढू लागला, तर थांबायचं नाही, शोधायचं. माझ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत असंच झालं होतं: नलिका उघडी ठेवणारा स्टेंट बसला, कावीळ गेली, आकडा निम्म्यावर आला आणि तिथेच अडला. सगळ्यांना वाटलं की उतरतोय, उतरेल. त्यांच्या सर्जननं मात्र पुन्हा स्कॅन करायला लावला आणि नलिकेच्या टोकाशी असलेली गाठ सापडली. आकड्याकडे दुर्लक्ष केल्यानंही माणूस जातो, हे त्या सर्जनला ठाऊक होतं.

ज्यांना काहीच होत नाही त्यांची ही तपासणी करणं मला अजिबात मान्य नाही. हल्ली वाढदिवसाला आई-वडिलांना 'फुल बॉडी चेकअप' भेट देतात आणि त्या पॅकेजात दोन-तीन ट्यूमर मार्कर घातलेले असतात. समजा, कसलाही त्रास नसलेल्या दहा हजार माणसांची तपासणी केली आणि शंभरात दोघांचा आकडा ३७ च्या पुढे गेला. ती दोनशे घरं झाली. स्वादुपिंडाचा कॅन्सर इतका विरळ आहे की त्या दोनशे घरांतल्या एखाद्यातच तो असेल, कदाचित एकातही नसेल. उरलेल्या घरांनी सीटी स्कॅन, एमआरआय, दुर्बीण, मुंबईच्या चकरा आणि जागरणं कशासाठी सोसायची?

महाराष्ट्रातल्या बहुतेक नव्या डॉक्टरांच्या पदवीवर आज आपल्या दिंडोरी रोडवरच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा शिक्का असतो. १९९८ पासून ते विद्यापीठ या शहरात आहे. तिथून बाहेर पडून सुरगाण्याला, पेठला, नांदगावला दवाखाना घालणाऱ्या तरुण मुला-मुलींना डोळ्यांसमोर ठेवून मी हे मराठीत लिहिलं. त्यांना इंग्रजीतलं सगळं येतं. ते घरच्यांना पाच मिनिटांत, ओसरीवर बसून, कळेल असं सांगायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवत नाही. शेवटच्या दोन प्रकरणांत तशा बोलण्याचे नमुने दिले आहेत. ते पाठ करू नयेत, आपापल्या तालुक्याच्या बोलीत बदलून घ्यावेत.

आमच्या लॅबमध्ये आता एक नियम आहे. सीरम पिवळं असेल आणि सीए १९-९ वाढलेलं असेल, तर रिपोर्ट मोबाईलवर जाण्याआधी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन जातो आणि आकड्याखाली मराठीत छापलं जातं: 'नमुना काविळीचा आहे. पित्ताच्या अडथळ्यामुळेही हे प्रमाण वाढते. अडथळा दूर झाल्यावर पुन्हा तपासावे.' एवढ्या तीन वाक्यांना मला पंचवीस वर्षं लागली.

कळवणच्या त्या बाई ऑपरेशननंतर महिन्याभरानं पुन्हा रक्त द्यायला आल्या. एसटीनं, थोरल्या सुनेला घेऊन. सुनेच्या हातात एक पाटली होती आणि ती सतत पदराखाली झाकत होती. बाईंच्या मनगटावर हिरव्या काचेच्या बांगड्या. रक्त घेऊन झालं तरी त्या उठेनात. आमची पेठची तंत्रज्ञ मुलगी सेंट्रिफ्यूज थांबल्यावर नळी घेऊन बाहेर आली आणि आकडा यायची वाट न पाहता तिनं ती खिडकीच्या उजेडात बाईंसमोर धरली. "मावशी, रंग उतरलाय बघा," ती म्हणाली. बाई खुर्चीतून पुढे वाकल्या आणि बराच वेळ त्या फिकट पाण्याकडे पाहत राहिल्या.